तोरिकाचा कंबरपट्टा

तोरिकाची आणि माझी ओळख आधी आवाजाची होती. माझे वडील सुवाच्या, म्हणजे आमच्या बेटांच्या राजधानीतल्या, दवाखान्यात पडून होते, तेव्हा मी रोज दुकानातून तिथे फोन लावायचो. फोन उचलला की पलीकडून एक बाई म्हणायची, "बोला, कुणाकडे जोडू?" आठवडाभराने मी नुसतं "हॅलो" म्हटलं, तर ती म्हणाली, "थांबा, पुरुषांच्या वॉर्डात देते. आणि ऐका, आज तुमच्या वडिलांनी स्वतःहून सूप मागितलं म्हणे. सिस्टर सांगत होती." मी रिसीव्हरकडे बघतच राहिलो. शहरातले शेकडो आवाज तिच्या डोक्यात नावानिशी बसलेले होते. तिला लहानपणी गोवराने अंधत्व आलं होतं हे मला पुष्कळ नंतर कळलं.

ती मूळची लाऊ बेटांकडची. तिकडचे लोक थामाकाऊ हाकण्यात तरबेज. थामाकाऊ म्हणजे एका लाकडाची लांब नाव, तिच्या एका बाजूला तोल सांभाळायला बांधलेली उलांडी आणि वर एकच मोठं तिकोनी शीड. तोरिकाचा बाप अशा नावेचा सुकाणूवाला होता. मुलीला दिसत नाही म्हणून त्याने तिला किनाऱ्यावर ठेवलं नाही. सुकाणूचं वल्हं तिच्या हातात द्यायचा आणि स्वतः मागे बसून विडी ओढायचा. "वारा कुठल्या गालावर लागतोय?" एवढंच विचारायचा. उघड्या समुद्रावर वारा दिवसभर एकाच दिशेने वाहतो, तिथे गालाच्या भरवशावर नाव नेता येते. पुढे शिक्षणासाठी तिला सुवाला आणलं, बाप वारला, आणि वल्ह्याची जागा टेलिफोनच्या बोर्डाने घेतली.

मग दवाखान्यात यंत्र आलं. एक दाबा, दोन दाबा. तोरिकाला मोठा निरोप दिला. नवी चटई, केक, हार, भाषणं, सगळे रडले. दुसऱ्या दिवसापासून ती भावाच्या घरी नारळ खवायला बसली. नारळ खवण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. पण मला पुढे एकदा म्हणाली, "भैया, नारळ उलट बोलत नाही रे. दिवसभर मी एकटीच बोलायचं!"

अंध लोकांच्या संस्थेत एक कॉम्प्युटर होता. पडद्यावर जे लिहून येईल ते तो मोठ्याने वाचून दाखवायचा. तोरिका तिथे जाऊन बसायला लागली. पुढे भावाने तिच्यासाठी घरीही तसाच एक जुना, बोलणारा कॉम्प्युटर आणला. इंटरनेटवर ब्रिस्बेनचा कुणी अंध माणूस तिला भेटला. तो घरात छोटे छोटे बोर्ड घेऊन त्यांना कामं शिकवायचा: कपात चहा किती भरला ते सांगणारा बोर्ड, दाराशी कोण आलं ते सांगणारा बोर्ड. हे ऐकल्यावर तोरिका सरळ नाबुआला माझ्या दुकानात आली. मी मोबाइल दुरुस्त करतो आणि असलं किडुकमिडुक सामानही ठेवतो.

"भैया, एक बोर्ड दे. मायक्रोकंट्रोलर म्हणतात तो."

आवाज ऐकला आणि मी उठून उभाच राहिलो. "ताई, तुम्ही? पुरुषांच्या वॉर्डवाल्या?"

"हो, तीच. वडील कसे आहेत?"

"भांडतात रोज."

"म्हणजे बरे आहेत. बोर्ड दे."

"काय करणार त्याचं?"

"बोलणार. जन्मभर बोर्डाशीच बोलत आले. हा जरा लहान आहे म्हणतात."

मी तिच्या तळहातावर ठेवला. तिने बोटांनी चाचपला. "एवढासा? बिस्किटाचा तुकडा आहे की!"

मी तिचं बोट धरून टोकाला नेलं. "ही यूएसबीची खाच. इथून वायर कॉम्प्युटरला जोडायची. त्याच वायरीतून याला वीज मिळते, तुम्ही लिहिलेला प्रोग्राम त्याच वायरीतून आत जातो आणि याचं उत्तरही त्याच वायरीतून बाहेर येतं."

"म्हणजे ज्या दोरीने गाय बांधायची त्याच दोरीने दूध काढायचं. छान. बांधून दे."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती दारात उभी. "मुका माल दिलास मला."

"दिवा लागतो का त्याचा?"

"वहिनी म्हणते लागतो. पण कॉम्प्युटर काही बोलत नाही. हे बघ, कुठलीही वस्तू खुपसली की कॉम्प्युटर दोन सूर काढतो, खालचा मग वरचा. काढली की वरचा मग खालचा. वस्तू बिघडलेली असेल तर धप-धप-धप असं तीनदा. हा काहीच करत नाही. पोट भरतंय, पण तोंड उघडत नाही."

ते सूर मी रोज शंभरदा ऐकत होतो. त्यांच्याकडे लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "टेलिफोनच्या वायरीत बोलायच्या तारा वेगळ्या असतात. याच्यातही असतील ना?"

"असतात. दोन विजेच्या, दोन बोलायच्या."

"मग मोज की."

मी तिची वायर कापली. आत दोनच तारा! ती वायर फक्त मोबाइल चार्ज करायची होती, आणि ती भावाच्या घरातली होती, म्हणून माझा बोर्ड निर्दोष सुटला. मी आनंदाने ओरडलो तशी ती म्हणाली, "जास्त नाचू नकोस. चार तारांची दे." त्या दिवसापासून तिने बोलक्या वायरींना एक गाठ मारायची पद्धत पाडली. माझ्या दुकानात आजही तशाच वायरी टांगलेल्या आहेत.

चार तारांच्या वायरीने बोर्ड लगेच बोलला. तिने त्याला शिकवलेला पहिला शब्द म्हणजे आमचा इथला रामराम: बुला. तिने कॉम्प्युटरवर चार ओळी लिहिल्या, त्या वायरीतून बोर्डात चढवल्या, आणि बोर्ड वायरीतून परत म्हणू लागला, "बुला. बुला. बुला." कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचत होता. तिची वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाहुणे आलेत का गं? किती जण आहेत?" आणि तोरिका खुर्चीत बसून इतकी हसली, की मोठ्या निरोपाच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच हसली असं वहिनी सांगते.

सगळं काही असं सुखाने झालं नाही. हा बोर्ड कीबोर्ड असल्याचं सोंग घेऊ शकतो. वायर लावली की कॉम्प्युटरला वाटतं कुणीतरी माणूसच टाइप करतंय. तोरिकाने तेही संस्थेच्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं, पण थांबायची सूचना लिहायला विसरली. संस्थेचे अध्यक्ष त्याच कॉम्प्युटरवर वार्षिक सभेचं भाषण लिहीत होते. ते चहाला उठले, आणि बोर्डाने त्यांच्या भाषणात पानंच्या पानं बुला बुला भरलं. ते दुरुस्त करायला जावं तर त्या दुरुस्तीतही बुला. वाचून दाखवणारा आवाज धापा टाकत होता. शेवटी तिने वायर उपटली, बोर्डावरचं बारीक बटण दाबून धरलं आणि तसंच धरून वायर पुन्हा लावली. तसं केलं की बोर्ड शिकवलेलं काही न करता रिकाम्या डब्यासारखा समोर येतो, पुन्हा पहिल्यापासून शिकवा. अध्यक्ष मात्र बरेच दिवस तिला टाळत होते. सभासद म्हणाले, यंदाचं भाषण तसंच झालं असतं तर बरंच झालं असतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तोरिकाचे मामा इलाइसा किनाऱ्यावरच्या लाऊवाल्यांच्या वस्तीत राहतात. सेनिकाऊ नावाची थामाकाऊ त्यांनी स्वतःच्या हाताने तासलेली आहे. सुवाच्या खाडीत दरवर्षी थामाकाऊंची शर्यत होते, आणि मामांचा खांदा त्या वर्षी पार गेला होता. सुकाणूचं वल्हं म्हणजे पुरुषभर उंचीची जड फळी. एका हाताने ते धरवत नाही. वस्तीत यांगोनाची, म्हणजे मुळी कुटून केलेलं पेय पिण्याची, बैठक भरली होती, सगळे मांडी घालून बसलेले, आणि चर्चा चालली होती की सेनिकाऊ कुणाच्या हाती द्यायची. मी एका कोपऱ्यात होतो, कारण मामांचा रेडिओ दुरुस्त करून आणला होता.

तोरिका म्हणाली, "मामा, ते वल्हं मला द्या."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मग योने हसला. योने हा वस्तीतल्या दुसऱ्या थामाकाऊचा सुकाणूवाला. हात लोखंडाचे आणि जीभ त्याहून धारदार.

"तोरिका, वल्हं म्हणजे टेलिफोन नाही. पलीकडून कुणी सांगत नाही, कुठे जोडायचं ते."

"तुला सांगूनही कळत नाही, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी मामांशी बोलतेय."

इलाइसामामांनी वाटी खाली ठेवली. "पोरी, बाहेर समुद्रावर तुझ्या बापाने तुला शिकवलं ते मी पाहिलंय. पण ही खाडी आहे. डोंगरावरून वारा वळून येतो. आत्ता या गालावर, मग त्या. सरळ रेघ धरणार कशी?"

"ते माझं मी बघेन. मी बहिणीची मुलगी आहे ना तुमची? मागितलं आहे."

आमच्याकडे भाचीचा मामाच्या वस्तूंवर हक्कच असतो. डुक्कर असो, चटई असो, नाव असो, भाचीने चार लोकांत मागितलं की मामाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर पिढ्यान् पिढ्या लोक तोंडावर सांगतात. इलाइसामामांनी डोकं खाजवलं. "सरळ माझं घर मागितलं असतंस तरी बरं झालं असतं," ते म्हणाले, आणि देऊन टाकलं.

रेघ कशी धरायची हे तिने आधीच ठरवलं होतं. मला म्हणाली, "मोबाइल थरथरतो तो कशाने?"

"आत चण्याएवढी मोटर असते."

"मेलेल्या मोबाइलमधल्या दोन दे."

असल्या मोटरी माझ्याकडे डबाभर होत्या. आम्ही असं केलं. नावेच्या मधोमध एका जेवणाच्या डब्यात बोर्ड आणि त्याला जोडलेली होकायंत्राची चिप. डब्यातून लांब तार निघून तोरिकाच्या कमरेच्या पट्ट्याला. पट्ट्यात डाव्या कुशीला एक मोटर, उजव्या कुशीला एक. नाव बोयाच्या, म्हणजे शर्यत जिथून परत फिरते त्या तरंगत्या पिंपाच्या, दिशेला लागली की कुणीतरी सांगायचं, तोरिकाने पट्ट्यावरचं बटण दाबायचं, आणि बोर्डाने ती दिशा धरून ठेवायची. मग नावेचं नाक डावीकडे गेलं की डावी कूस गुरगुरणार, उजवीकडे गेलं की उजवी. दोन्ही शांत म्हणजे नाव सरळ. तारा डाख लावून जोडायचं काम मी केलं, पण बोर्डाला शिकवायचं सगळं तिने. कॉम्प्युटरसमोर बसून, कान लावून, एकेक ओळ ऐकून, चुकली की शिवी देऊन पुन्हा लिहायची. शिव्या ती मवाळ टेलिफोनी आवाजात द्यायची, त्यामुळे त्या सभ्य वाटायच्या.

पहिल्या चाचणीला मला नावेत घेतलं. तोरिकाची मावसबहीण आकेसा मासळीबाजारात बसते. अंगाने दणकट, आवाज दुप्पट. ती म्हणाली, "भैया, वजन किती तुझं?"

"का?"

"उलांडीवर बसायला पिठाचं पोतं हवंय. तू बस."

मला पोहता येत नाही हे मी सांगितलं. ती म्हणाली, "पोत्याला तरी कुठे येतं?"

जातानाची रेघ अशी सरळ गेली की मामा शिडाचा दोर धरून मागे वळून वळून बघत होते. मग परत फिरायची वेळ आली. थामाकाऊ इतर होड्यांसारखी वळत नाही. उलांडी कायम वाऱ्याकडेच राहायला हवी, म्हणून नाव वळवायची नाही, शीडच उचलून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं; मागचं टोक पुढचं होतं, आणि सुकाणूवाला वल्हं घेऊन चालत दुसऱ्या टोकाला जातो. तोरिका पाय घासत, शिडाच्या दोरांना हात लावत नावेच्या अंगावरून चालत गेली. बसली, वल्हं पाण्यात घातलं, परतीची, म्हणजे जातानाच्या बरोबर उलटी, दिशा धरायला पुन्हा बटण दाबलं, आणि पट्टा पिसाळला. तिच्या प्रोग्रामला टोकांची अदलाबदल माहीतच नव्हती. पट्ट्याच्या मते आम्ही पाठ पुढे करून चाललो होतो, म्हणून तो तिला सांगत राहिला: वळ, वळ, अजून वळ. तिने ऐकलं. नाव वळता वळता वारा उलट्या बाजूने शिडात शिरला, शीड डोलकाठीवर आदळलं, आणि पोतं समुद्रात गेलं.

आकेसाने माझी कॉलर धरून मला वर ओढलं. किनाऱ्यावर योने पोट धरून हसत होता. "इलाइसा! सुकाणूला आंधळी बसवलीस, आता शिडाला बहिरा बघ!"

"डोळसांचंही पाहिलंय," मामा तिथूनच ओरडले. "मागच्या वर्षी खडकावर नाव कुणी चढवली रे?"

बोलायला बोलले, पण किनाऱ्यावर आल्यावर मामा हळूच तिला म्हणाले, "राहू दे पोरी. कुणी काही म्हणणार नाही."

तोरिकाच्या अंगावरून पाणी निथळत होतं. ती म्हणाली, "मामा, चूक नावेची नाही, माझी नाही, बोर्डाचीही नाही. त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. आता सांगू. उद्या सगळ्यांना बोलवा. नाव वाळूवर हवी मला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थना आटोपली, लोवोत, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, भाजलेला दालोचा कंद आणि कोंबडी खाऊन झाली, आणि वस्ती पांढऱ्या रविवारच्या कपड्यांत वाळूवर जमली. रॉकेलच्या पिंपावर तोरिकाच्या घरचा कॉम्प्युटर ठेवला. तिथून गाठ मारलेली यूएसबीची लांब वायर नावेतल्या डब्यापर्यंत, डब्यातून तार तोरिकाच्या कमरेपर्यंत. बोर्ड आता नावेची दिशा आकड्यात सांगत होता आणि कॉम्प्युटर ती वाचत होता. तोरिका नावेत बसून म्हणायची, "फिरवा!" आणि आठ-दहा माणसं हुय्या करून नाव वाळूवर थोडी फिरवायची. "थांबा!" ती आकडा ऐकायची, बोटं मांडीवरच्या सुट्या कीबोर्डवर चालायची, वायरीतून नवा प्रोग्राम आत जायचा. "फिरवा!"

"अगं, पाद्रीबुवांनी आज विश्रांतीचा दिवस सांगितलाय," एक म्हातारी म्हणाली.

"म्हणून तर नाव पाण्यात घातली नाही," तोरिकाने उत्तर दिलं.

एका ठिकाणी आकडा वेड्यासारखा उड्या मारायला लागला. नाव जागेवर, पण बोर्ड म्हणतो आपण गरागरा फिरतोय. मी तारा तपासल्या, जोड तपासले, काही नाही. तोरिकाने विचारलं, "डब्याजवळ कोण आलं?" आकेसा आली होती. तिच्या हातात पाणी उपसायचा पत्र्याचा डबा. तो लांब नेला की आकडा शांत, जवळ आणला की उड्या! लोखंडाने होकायंत्राचं डोकं फिरवलं होतं. मग आकेसाने ब्लीचची प्लास्टिकची बाटली अर्धी कापून नवं पात्र केलं, आणि मामांनी आपला ऊसतोडीचा कोयता नावेतून काढून घरी पाठवला. तो कोयता नावेत नाही असं पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळपर्यंत पट्ट्याला दुसरं बटण आलं होतं. शीड दुसऱ्या टोकाला नेलं की ते दाबायचं. मग बोर्ड समजायचा की आता नाक तिकडे. माणसांनी नाव एकदा या टोकाने, एकदा त्या टोकाने ओढली, आणि तोरिका "डावी, डावी, शांत. उजवी, शांत," असं म्हणत राहिली. मुलांच्या आया, म्हातारे, सगळे तिच्याबरोबर म्हणायला लागले. शेवटी तिने वायर काढून घेतली. बोर्डाला मोबाइलच्या बॅटरीवर लावलं, आणि तो शिकवलेलं सगळं जसंच्या तसं करत राहिला. एका बाईने विचारलं, "वायर काढली तरी आठवतं त्याला?" तोरिका म्हणाली, "हो. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांपेक्षा बरं आठवतं."

शर्यतीच्या दिवशी धक्क्यावर बरीच गर्दी होती. सहा थामाकाऊ. पंचांपैकी एकाने मामांना बाजूला घेऊन काहीतरी कुजबुज केली. मामा मोठ्याने म्हणाले, "नियमात काय लिहिलंय? सुकाणूवाला शुद्धीत हवा. ती शुद्धीत आहे. बाकीच्यांचं तुम्ही तपासा." पंच आपल्या जागेवर गेले.

मी पुन्हा उलांडीवर पोत्याच्या जागी. या वेळी अंगात लाइफ जॅकेट होतं, दोन.

शिंग वाजलं. आकेसा पुढे बघून म्हणाली, "बोया नाकासमोर... आता!" तोरिकाने बटण दाबलं. मामांनी शिडाचा दोर ताणला, उलांडी पाण्यातून वर आली, आणि माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते मी इथे लिहीत नाही. जाताना आम्ही तिसरे होतो. योने पहिला, त्याच्या मागे आणखी एका नावेचा सुकाणूवाला साकिउसा. या दोघांचं वैर वस्तीला माहीत आहे. डोंगराकडून वारा वळून आला की पुढच्या नावा जरा नागमोडी व्हायच्या, सुकाणूवाले मान वर करून बोया शोधायचे, पुन्हा रेघेवर यायचे. आमची नाव नागमोडी झालीच नाही. तोरिकाचा चेहरा खाली, ओठ मिटलेले, खांदे मात्र सारखे हलत होते.

बोया आला. "ओलांडला!" आकेसा ओरडली. शीड सैल सोडलं, मामा आणि आकेसा ते उचलून धावत दुसऱ्या टोकाला. तोरिका वल्हं खांद्यावर घेऊन नावेच्या अंगावरून चालत गेली. या वेळी ती दोरांना हातसुद्धा लावत नव्हती. बसली. दुसरं बटण दाबलं. मी तिच्या कमरेकडे बघत होतो, जणू मला काही दिसणार होतं.

"शांत आहे," ती म्हणाली. "ओढा!"

परतीच्या वाटेवर योने आणि साकिउसा एकमेकांना भिडले. साकिउसा वाऱ्याच्या बाजूने पुढे घुसायला बघे, की योने त्याला आडवं येऊन वर ढकले. मग साकिउसा आणखी वर. दोघं एकमेकांवर डोळे रोखून, आईबापांचा उद्धार करत, वाऱ्याच्या तोंडावर चढत चालले.

आकेसाचा धीर सुटला. "तोरिका, वर घे! ते दोघं वर चाललेत, सगळा वारा खातील! वर घे म्हणते ना!"

"धक्का कुठे आहे?"

"धक्का समोर आहे, पण ते दोघं..."

"धक्का सांग. माणसं कुठे आहेत ते मला नको."

मामांनी एकदा त्या दोघांकडे बघितलं, एकदा भाचीकडे. त्यांचा दुखरा खांदा दोराच्या ओढीने थरथरत होता. "आकेसा, गप्प बस आणि पाणी उपस," ते म्हणाले. "पोरगी बरोबर आहे."

सेनिकाऊ आपल्या रेघेवरून निघाली. डावी कूस गुरगुरली असेल, उजवी गुरगुरली असेल, ते तिलाच ठाऊक. आम्हाला फक्त वल्ह्याचा बारीक बारीक हलणारा दांडा दिसत होता आणि नाव बाणासारखी जाताना कळत होती. भांडणाऱ्या दोघांच्या लक्षात आलं तेव्हा ते धक्क्यापासून भलतीकडे गेले होते. योनेने नाव खाली, धक्क्याकडे घातली, जीव तोडून घातली, आणि शेवटी त्याच्या नावेचं नाक आमच्या मागच्या टोकाशी आलंसुद्धा. त्याहून पुढे ते आलं नाही.

शिंग वाजलं. धक्क्यावर एकदम जो आवाज उठला, त्याने तोरिका दचकली. "काय झालं? कुणी पडलं का?"

"पडलं नाही गं!" आकेसा तिच्या गळ्यात पडून रडत होती. "पहिले! आपण पहिले!"

तोरिकाने वल्हं आत घेतलं, आडवं ठेवलं, आणि दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की दवाखान्याच्या फोनवर तो मवाळ आवाज ऐकलेल्या माझ्या कानांना ती खरीच वाटेना. किनाऱ्यावरून वस्तीने तशीच आरोळी परत दिली. मामा शिडाखाली बसून खांदा चोळत होते आणि येईल त्याला सांगत होते, "भाचीने मागितलं, मी दिलं. नाही म्हणायची आपल्यात रीत नाही."

त्या दुपारी यांगोनाची पहिली वाटी सुकाणूवालीला गेली. टाळ्या वाजवून ती तिने एका दमात रिकामी केली. जरा वेळाने योने येऊन तिच्यासमोर बसला. बराच वेळ चटईची काडी उपटत राहिला.

"तोरिका, मला एक पट्टा करून देशील?"

"तुला कशाला? तुला दिसतं की."

"दिसतं, तेच तर. दिसलं की मी साकिउसाच्या मागे जातो."

सगळी बैठक खदाखदा हसली, साकिउसा सगळ्यांत जास्त. तोरिका म्हणाली, "करून देणार नाही. शिकवीन. तुझा तू कर." आणि खरंच, पुढच्या आठवड्यापासून हा लोखंडी हातांचा माणूस संस्थेच्या कॉम्प्युटरसमोर अंध मुलींच्या ओळीत बसून, जाड बोटांनी एकेक अक्षर शोधत बोर्डाला शिकवू लागला. मुली त्याच्या चुका ऐकून हसायच्या. तो खोडून पुन्हा लिहायचा. अध्यक्षांनीही रुसवा सोडला, आणि नव्या बोर्डांसाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला.

हिवाळ्यात वारा स्थिरावल्यावर सेनिकाऊ खाडीबाहेर पडून बेंगा बेटाला गेली. मामा, आकेसा, योने, मी, आणि सुकाणूवर तोरिका. बाहेर लाटा मोठ्या होत्या आणि बेट सकाळभर धुक्यात होतं. आम्ही थेट गावासमोरच्या वाळूवर लागलो. गावचे लोक गुडघाभर पाण्यात येऊन नाव धरू लागले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मामांना, मग योनेला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमचा सुकाणूवाला कोण?"

कुणी उत्तर द्यायच्या आत मागच्या टोकाकडून आवाज आला, "मी. बोला."